अपूर्ण घराची सळई

मी सळई बोलतेय. घर बांधून होतं, माणसं राहायला येतात, वर्षं सरतात, तरी गच्चीच्या कोपऱ्यावर जी उघडीच उभी असते, ती मी. तुमच्या गावातही माझ्या बहिणी असतील. त्या कुणासाठी उभ्या आहेत हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगायचं ठरवलं.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. त्याआधी मी काय होते ते ठाऊक नाही. भंगारातून आलेल्यांनी कुळाच्या गप्पा मारू नयेत. मी वितळले, लांब ओढली गेले, अंगावर पीळ उमटले आणि ट्रकवर चढले. तो ट्रक वळणं घेत घेत आरेकिपा शहरात आला. मिस्ती डोंगराच्या उतारावर सान रोके नावाची वस्ती आहे. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात मी भिंतीला टेकून गिऱ्हाइकाची वाट बघत राहिले.

एका शनिवारी साबिना चोके आली आणि मला घेऊन गेली. ती पाव भाजून विकायची, तीन टोकांचे, आमच्याकडे सगळे खातात ते. आठवडाभराचे पाव विकून झाले की ती एक सळई घ्यायची आणि घरी नेऊन भिंतीकडेला ठेवायची. असे चोवीस शनिवार. तिचा नवरा खाणीत कामाला गेला होता तो परत आला नाही. मेला नाही, नुसता परत आला नाही. म्हणून घर तिने एकटीनेच जमवलं, माझ्यासारख्या एकेका सळईने.

जागा रेतामास गल्लीत होती. पुढे घर, मागे पावांची भट्टी, आणि भट्टीच्या मागे दहा पावलांवर ओढा. ओढा वर्षातले दहा-अकरा महिने कोरडाच. लोक त्यात फुटक्या विटा टाकत, जुन्या गाद्या टाकत, आणि पालिका घाण ठेवते म्हणून तिला शिव्या देत. फेब्रुवारीत डोंगरावर पाऊस झाला की मात्र तो दगडधोंडे घेऊन उतरायचा, आणि त्या दिवशी कुणी कुणाला शिव्या देत नसे.

स्लॅब पडला तो दिवस मला नीट आठवतो. आमच्याकडे स्लॅब म्हणजे लग्नासारखं कार्य. सगळी गल्ली आली. डब्यांतून काँक्रीट वर चढलं, खाली मोठ्या पातेल्यात डुकराचं मटण रटरटत होतं आणि मक्याची दारू, चिचा, मडक्यामडक्यांनी संपत होती. शेजारचा लिबोरिओ, निवृत्त बसड्रायव्हर, छताचा धर्मपिता झाला. त्याने रिबीन बांधलेली बाटली हातोडीने फोडली, दोन शब्द बोलायला उभा राहिला आणि वीस मिनिटं बोलला. त्या दिवसापासून ती त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. छताचं नातं ते, रक्ताच्या नात्याला खाली बघायला लावणारं.

मला मागच्या कोपऱ्यातल्या खांबात उभं केलं होतं, ओढ्याच्या बाजूला. माझं बरंचसं अंग काँक्रीटमध्ये गेलं आणि पुढच्या मजल्यासाठी वर मीटरभर उरलं. साबिनाची मुलगी नोएमी त्या संध्याकाळी वर आली. बावीस वर्षांची, बोलकी, आणि भट्टीवर बसवली की पाव हमखास करपवणारी. तिने पिवळ्या सरबताची रिकामी बाटली माझ्या डोक्यावर उपडी घातली, पावसाने गंजू नये म्हणून.

“आई, इथं माझी खिडकी,” ती म्हणाली. “उठल्या उठल्या मिस्ती दिसला पाहिजे.”

“आधी उठायला तर शीक,” साबिना म्हणाली.

दोन महिन्यांनी नोएमी शेजारच्या देशात, चिलीला गेली, सान्तियागोला. तिथं म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम मिळालं होतं. दोन वर्षांत पैसे साठवून येते आणि वरचा मजला चढवते, असं ठरलं. मी बाटली घालून वाट बघू लागले. वाट बघणं हेच माझं काम आहे असं मला वाटत होतं.

पण माझं आणखी एक काम होतं, ते मला लिबोरिओकडून कळलं.

आमच्याकडे घरपट्टीसाठी घराचं वर्णन मालकानेच लिहून द्यायचं असतं. छत कशाचं, भिंती कशाच्या, जमीन कशी, बांधकाम पूर्ण की अपूर्ण. त्यावरून घराची किंमत ठरते, किमतीवरून घरपट्टी. फेब्रुवारी संपायच्या आत कागद द्यायचा. पहिल्या वर्षी साबिना गच्चीवर तो कागद घेऊन बसली, तर लिबोरिओ शेजारच्या गच्चीवरून ओरडला.

“कोमाद्रे, छतापुढे काय लिहिलंस?”

“स्लॅब.”

“खोड ते. पत्रा लिही. आणि जमीन माती.”

“पण मी फरशी बसवलीय. तूच तर उचलायला आला होतास.”

“मी उचलली म्हणून पालिकेला सांगायचं? आणि बाहेरून गिलावा करू नकोस, रंग तर मुळीच नको. या सळया उभ्या आहेत तोवर घर अपूर्ण. अपूर्ण घराची किंमत ती काय!”

तेव्हा मी आजूबाजूला नीट बघितलं. एकोणीस घरं, आणि प्रत्येक गच्चीवर आम्ही. ज्याला मूलबाळ नाही त्याच्याकडेही आम्ही. बाहेरून उघड्या विटा, आणि आत फरशा, नक्षीची झुंबरं, भिंतीएवढे टीव्ही. माणसं पाहुण्याला बाहेरून घर दाखवताना खाली मान घालायची आणि आत नेताना ताठ करायची. अकरा नंबरमध्ये अबुंदिओ राहायचा, पालिकेच्या घरपट्टीच्या खिडकीवरचा कारकून. गल्लीचे सगळे कागद तोच घ्यायचा, तोच शिक्का मारायचा. त्याच्याही गच्चीवर माझ्या सोळा बहिणी होत्या.

साबिनाने पत्रा लिहिलं, माती लिहिलं, अपूर्णवर खूण केली. वर्षाची घरपट्टी दोन ताटं पावांच्या विक्रीत निघाली. तिला बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

अशी सात वर्षं गेली. उन्हाने बाटली कडक होऊन तडकायची, मग साबिना नवी घालायची. बाकीच्या सळयांच्या बाटल्या उडून गेल्या त्या गेल्याच. माझी मात्र ती दरवर्षी न चुकता बदलायची. नोएमीचा फोन रविवारी यायचा. पहिली दोन वर्षं ती खिडकीबद्दल बोलायची, नंतर हवापाण्याबद्दल.

आठव्या फेब्रुवारीत ओढा दुपारी आला. मी त्याच बाजूला उभी, मला सगळं दिसत होतं. आधी आवाज, मग चॉकलेटी पाणी, त्यात गाद्या, फ्रीज, बाभळीची अख्खी झाडं. पात्र गाळाने इतकं भरलं होतं की पाण्याला जायला जागाच नव्हती, म्हणून ते काठ खात निघालं. लिबोरिओचं मागचं अंगण कोंबड्यांच्या खुराड्यासकट गेलं. भट्टीमागे दहा पावलं जमीन होती, तिची तीन उरली. साबिना भट्टीला पाठ लावून उभी होती, जणू ती मागून ढकलून धरणार होती. भट्टी गेली असती तर तिचं सगळंच गेलं असतं.

पाणी ओसरल्यावर गल्लीने सह्यांचा अर्ज केला, आम्हाला ओढ्याकाठी भिंत बांधून द्या म्हणून. तीन आठवड्यांनी कळलं की भिंत मंजूर झाली, पण पलीकडच्या काठाला. तिथं तीन गोदामं होती.

गल्ली पेटली. पालिकेने मग एका इंजिनियरबाईंना पाठवलं, मारित्सा त्यांचं नाव. तरुण होत्या, बुटांना चिखल, पाठीवर पिशवी. ओढा नीट बघता यावा म्हणून त्या साबिनाच्या गच्चीवर आल्या आणि पिशवी माझ्यावर अडकवली. मागोमाग लिबोरिओही चढला, बोलायला मिळेल या आशेने.

“गोदामातल्या पोत्यांना पोहता येत नाही म्हणून त्यांना भिंत का, बाई?” त्याने विचारलं. “आम्हाला येतं असं कुणी सांगितलं?”

मारित्सा हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढले. “पैसा एका भिंतीचा आहे. नियम असा की भिंतीला किती लागतील आणि तिने किती किमतीचं वाचेल, ते बघायचं. गोदामवाल्यांनी किंमत पुरी लिहून दिलीय, त्यांना बँकेचं कर्ज हवं असतं. तुमच्या गल्लीत एकोणीस घरं आहेत. एकोणीसही पत्र्याची, मातीच्या जमिनीची, अपूर्ण. सगळी गल्ली मिळून भिंतीच्या खर्चाएवढीसुद्धा भरत नाही.”

लिबोरिओला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“आणि ओढ्यातला गाळ?” साबिनाने विचारलं. “तो पावसाआधी काढायचा असतो ना?”

“यंत्र आहे. डिझेल नव्हतं. तीन दिवस चाललं आणि थांबलं.”

“राजधानीतून एवढे पैसे येतात म्हणतात.”

“येतात, पण कशावर खर्च करायचे ते ठरवूनच येतात. शाळेचे शाळेला, रस्त्याचे रस्त्याला. पालिकेच्या हातात स्वतःचा पैसा एवढाच, घरपट्टीचा. झाडलोट, रस्त्यातले दिवे, डिझेल, सगळं त्यात बसवायचं. अंदाजपत्रक लिहायला बसतो तेव्हा हेच कागद समोर असतात, बाई. तुम्ही जे लिहून देता, तेवढंच गाव आम्हाला दिसतं.”

“म्हणजे गाळ आमच्यामुळे.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तुम्ही चांगल्या घरच्या आहात म्हणून म्हटलं नाही,” साबिना म्हणाली.

खाली उतरताना मारित्सांनी जिन्यापाशी बूट काढले. फरशी नुकतीच पुसलेली होती. “छान आहे,” त्या म्हणाल्या. साबिनाचा चेहरा लाल झाला, कारण कागदावर तिथं माती होती.

दारात तिने विचारलं, “खरं लिहून दिलं तर भिंत मिळेल?”

“वचन देत नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत गल्ली बसू शकेल. पण अर्धं खरं चालणार नाही. स्लॅब, फरशी, भट्टी, सगळं. आणि वरच्या सळया. त्या आहेत तोवर घर अपूर्णच धरतात.” त्या घुटमळल्या. “घरपट्टी वाढेल, हेही सांगून ठेवते.”

साबिना परत वर आली तेव्हा लिबोरिओला वाचा फुटली होती.

“कोमाद्रे, एकदा खरं सांगितलंस की दरवर्षी सांगावं लागेल. आणि तू एकटीने सांगून काय होणार? एका घराची भिंत बांधतात का?”

“तुझी बायको कोंबड्यांसाठी रडली.”

“कोंबड्या काय, पुन्हा घेता येतात.”

“भट्टी नाही येत,” ती म्हणाली. “आणि हे पत्रा-माती तूच शिकवलंस.”

“मग काय, छताचा धर्मपिता आहे मी. काळजी मीच घेणार ना?”

घरपट्टीच्या कागदाची मुदत त्या वर्षी पुरामुळे महिनाभर वाढवली होती. शेवटच्या रविवारी दुपारी साबिना कागद घेऊन माझ्याजवळ बसली. छतापुढे तिने स्लॅब लिहिलं. जमिनीपुढे फरशी. भट्टीची लांबीरुंदी लिहिली, थोडी जास्तच, कारण भट्टीचा तिला अभिमान होता. मग दोन चौकोन आले, पूर्ण आणि अपूर्ण, आणि तिचा हात थांबला.

मला आधी वाटलं, घरपट्टीची भीती. मग तिने मान वर करून माझ्या डोक्यावरच्या बाटलीकडे पाहिलं, आणि मला कळलं. पैशांचा हिशोब तिने कधीच करून टाकला होता. पूर्णवर खूण केली म्हणजे वरचा मजला होणार नाही, हे आपल्याच अक्षरात लिहून द्यायचं होतं. सात वर्षं घरपट्टी वाचवण्याच्या नावाखाली ती मला सांभाळत होती, आणि खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

तेवढ्यात नोएमीचा फोन आला. गच्चीवर ऐकू नीट येत नाही म्हणून साबिना फोन मोठ्या आवाजात ठेवायची.

“आई, भिंतीचं काय झालं?”

“नाही मिळाली. सळया कापायला लागतील म्हणतात.” तिने भिंतीचं, कागदाचं सगळं सांगितलं.

“आई, मी इथं घर घेतलंय,” नोएमी म्हणाली. “दोन खोल्या. हप्ते भरतेय. दोन वर्षं झाली. तुला सांगायला तोंड नव्हतं गं. तू दरवेळी बाटलीचं सांगायचीस.”

“खिडकी आहे का?”

“आहे.”

“त्यातून काय दिसतं?”

“समोरच्यांचं बाथरूम.”

साबिना हसली, आणि हसता हसता रडली. “मग हे आधी सांगायचंस, पोरी. सात बाटल्या झाल्या माझ्या.”

फोन ठेवल्यावर तिने पूर्णच्या चौकोनात खूण केली, इतकी दाबून की कागद फाटायचा राहिला.

सोमवारी एलोय मिस्त्री ग्राइंडर घेऊन आला. ज्याने मला उभं केलं होतं त्यानेच मला कापलं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मजला होऊन माझ्या टोकाला दुसरी सळई बांधली जाईल, मग तिसरी, असं मी मनात किती उंच गेले होते. ठिणग्या उडत होत्या. मी ओढ्यात पडू नये म्हणून साबिनाने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. बाकीच्या तेवीस जणी भंगारवाल्याकडे गेल्या. माझं खालचं अंग खांबातच राहिलं. त्याच्याकडून काही निरोप येत नाही, पण घर उभं आहे त्याअर्थी ते आपलं काम करत असावं.

कागद द्यायला ती पालिकेत गेली, तो किस्सा तिने भट्टीपाशी इतक्यांदा सांगितलाय की मला पाठ आहे. खिडकीवर अबुंदिओ होता.

“साबिनाबाई, चूक झालीय तुमची,” तो हळूच म्हणाला. “पूर्णवर खूण पडलीय.”

“चूक आधीची सात वर्षं होती. तूच शिक्के मारलेस.”

त्याने शिक्का मारला. पुढच्या शनिवारी अकरा नंबरच्या गच्चीवरून ग्राइंडरचा आवाज आला. मग सहा नंबर, मग दोन. साबिना पाव द्यायला घरोघर जायची आणि प्रत्येक दारात तेच सांगायची, की आपण कागदावर गरीब राहिलो म्हणून पाण्याने आपल्याला गरीब समजून नेलं. एकोणीसपैकी चौदा घरांनी कागद दुरुस्त करून दिले. लिबोरिओने दिला नाही.

भिंत लगेच झाली नाही. पहिल्या वर्षी यंत्राला डिझेल मिळालं आणि गाळ निघाला, एवढंच. घरपट्टी दोन ताटांवरून अकरा ताटांवर गेली, आणि ती भरून आल्यावर साबिना दिवसभर कुणाशी धड बोलत नसे. दुसऱ्या वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत मारित्साबाईंनी यादी वाचली, त्यात रेतामास गल्ली तिसरी होती. तिसऱ्या वर्षी दगड आले. भिंत सगळ्या एकोणीस घरांमागून गेली, लिबोरिओच्याही. तो रोज संध्याकाळी तिच्यावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की ही आम्ही पालिकेकडून भांडून घेतली. त्याच्या गच्चीवर माझ्या बहिणी अजून उभ्या आहेत.

यंदाच्या फेब्रुवारीत ओढा आला, भिंतीला घासत गेला आणि खाली निघून गेला. साबिना भट्टीसमोर पाव लावत होती. तिने एकदाच मागे वळून पाहिलं.

आणि मी? माझं एक टोक एलोय मिस्त्रीने वाकवून दिलं, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ बसवली. पहाटे निलगिरीची लाकडं जळून निखारे झाले की ते बाजूला ओढायचं काम माझ्याकडे असतं. आगीतून आले, आगीतच कामाला लागले. अंग काळं पडलंय, पण रोज हातात असते. उंचावर उभी होते तेव्हा मला वर्षातून एकदा हात लागायचा, तोही बाटलीसाठी.

तुमच्या गच्चीवर माझी बहीण असेल तर तिला कापाच, असं मी म्हणणार नाही. कुणाचं तरी येणं खरंच ठरलेलं असेल. पण एकदा वर जाऊन तिच्याजवळ बसा आणि कोण येणार आहे ते स्वतःला विचारा. आणि कुणीच येणार नसेल, तर पुढच्या वेळी कागदावर आपलं घर आहे तेवढं लिहा. तुम्ही लिहाल तेवढंच तुमचं गाव दिसतं, हे मी एका शहाण्या बाईकडून ऐकलंय.

गेल्या महिन्यात नोएमी बारा दिवसांसाठी आली. खालच्या खोलीत, आईशेजारी झोपली. दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टीपाशी येऊन उभी राहिली आणि न विचारता मला उचललं. मूठ हातात फिरवून बघितली, मग माझ्या अंगावरचे पीळ बघितले.

“आई, ही कुठली गं?”

“तुझ्या खिडकीची.”

नोएमीने मला भट्टीत घातलं आणि निखारे सावकाश, एकेक करून बाजूला ओढले. साबिना मागे कच्च्या पावांचं ताट घेऊन उभी राहिली, तिने मध्ये हात घातला नाही. त्या सकाळी एकही पाव करपला नाही.